टिडाचा भाऊ

टॅमवर्थ, संत मायकेलच्या सणानंतरचा तिसरा दिवस

आर्नमठाची मठमाता आणि माझी थोरली बहीण हेरेबर्ग हिला, मर्सियाच्या मोठ्या राजाचा लेखनिक तिलबर्ट याचा नमस्कार पोचो.

ताई, दोन वर्षांनी पत्र येतंय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू सील फोडायच्या आधीच ओळखलं असशील. काम आहेच. राजानं ठरवलंय की हंबर नदीच्या दक्षिणेला जेवढे म्हणून राजे आहेत, त्या सगळ्यांच्या वंशावळी एका मोठ्या पुस्तकात उतरवायच्या. प्रत्येक घराण्याला एक पान, पानावर चौदा नावं, आणि सगळ्यांत वरचं नाव आपल्या पूर्वजांच्या जुन्या देवाचं, वोडेनचं. केंटचं पान झालं, एसेक्सचं झालं. आपल्या आर्नचं तेवढं कोरं आहे.

मी हुनवाल्डदादाकडे माणूस पाठवला होता. आर्नचा राजा असून तो म्हणाला, मला सात नावांपुढं आठवत नाही, बहिणीला विचारा. ज्याला स्वतःचा बापजादा आठवत नाही त्याला लोक राजा का म्हणतात, असं इथं एकानं विचारलं आणि सगळे हसले. मीही हसलो. जुना गवई गेल्यापासून ती चौदा नावं फक्त तुझ्या डोक्यात आहेत, हे मला माहीत आहे. लहानपणी तू चुलीपाशी बसून ती घोकायचीस.

खरं सांगतो, राग मानू नकोस. आर्नच्या राज्यात सकाळी चरायला सोडलेली गाय दुपारपर्यंत परक्या मुलखात गेलेली असते. आपल्या दरबाराच्या छपरातून ताटात पाणी पडतं. पण पुस्तकात पान असलं तर आपण एक राज्य, आणि नसलं तर नुसती कर भरणारी खेडी. तेव्हा अहंकार बाजूला ठेव आणि नावं पाठव. पत्र आणणाऱ्याला जेवू घाल, तुमच्याकडच्या ईल माशांचं त्याला फार कौतुक आहे.

तिलबर्ट


आर्नमठ, संत मार्टिनचा दिवस

लेखनिक तिलबर्ट यास,

तुझा माणूस तीन दिवस राहिला, अकरा ईल खाऊन गेला आणि जाताना मठाच्या भिंतीवर थुंकला. मर्सियाची रीत आम्हाला ठाऊक आहे.

तुझ्या राजाला वंशावळी कशाला हव्यात? त्याच्या आज्यानं, त्या लुडानं, दुसऱ्याची डुकरं राखली हे नदीच्या दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्या सांगतात. लुडाचा बाप कोण, हे लुडाच्या आईलाही नक्की सांगता आलं नसतं. आता हाच माणूस पुस्तकाच्या पहिल्या पानावर वोडेनचा पणतू होऊन बसणार, आणि आमच्याकडे चौदा नावं मागणार. नाव मोठं, लक्षण खोटं.

आणि तू. डोकं भादरून घेतलंस, देवाचा माणूस म्हणवतोस, आणि वोडेनचं नाव सोनेरी शाईनं लिहितोस. पाप कशाला म्हणतात हे तुला मठात शिकवलं नाही वाटतं.

दादाला सात नावं आठवतात कारण त्याला दारू जास्त आवडते. ते आमचं दुखणं आहे, आम्ही बघून घेऊ. छपर गळतं तेही आमचंच. आमच्या गाईला परक्या मुलखात जायला दुपार होते कारण तो मुलूख पूर्वी आमचाच होता, तुझ्या राजाच्या बापानं लाटला. गाय विसरली नाही, तू विसरलास.

नावं मिळणार नाहीत. ती आर्नची आहेत, आर्नमध्येच राहतील. उन्हाळ्यात येणार असशील तर बहिणीला भेटायला ये, दरबारच्या कामाला येऊ नकोस.

हेरेबर्ग


टॅमवर्थ, मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि जाळलं. लुडाबद्दल तू जे लिहिलंस ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं असतं तर तुझ्या मठाचंच छपर उरलं नसतं. घरात बसून शिव्या देणं सोपं असतं. मला इथं रोज या माणसांसमोर उभं राहावं लागतं.

आता बातमी ऐक. हुनवाल्डदादा नाताळात इथं येऊन गेला. तुला सांगितलं नसेल, कारण तो तुला घाबरतो. राजानं त्याला मांडीला मांडी लावून बसवलं, चांगली दारू पाजली, एक तलवार आणि चार घोडे दिले. आणि दादानं संताच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घेतली की ईस्टर झाल्यावर आपली लेक विनफ्लेड राजाच्या पुतण्याला, विगबाल्डला द्यायची. सगळ्या दरबारासमोर शपथ झाली आहे, आता ती फिरत नाही.

नाक मुरडू नकोस. बदल्यात काय मिळालं ते बघ. दादाला मुलगा नाही, तो आजारी आहे, आणि मला तर इथल्यांनी बाराव्या वर्षीच मुंडण करून राजा होण्याच्या लायकीचं ठेवलं नाही. दादामागं गादीवर तुमचा तो दूरचा चुलतभाऊ ओसलाफ बसेल, आणि मर्सिया त्याला राजा म्हणून मानेल. एक मुलगी दिली, एक राज्य राहिलं. अशा सौद्याला इथं शहाणपण म्हणतात.

विगबाल्ड पन्नाशीचा आहे, धिप्पाड आहे, पहिल्या दोन बायका वारल्या आहेत. फार बोलत नाही. त्याच्याबद्दल मी एवढंच लिहू शकतो.

सोयरीक होतेच आहे, तर वंशावळीतही दोन्ही घराणी जवळ दिसावीत अशी राजाची इच्छा आहे. वोडेनच्या नातवापाशी आपली आणि त्यांची फांदी एक करून टाकतो. दहा पिढ्यांमागचं कुणाला काय कळतंय. आता तरी नावं पाठव.

तिलबर्ट


आर्नमठ, उपासांचा दुसरा आठवडा

प्रिय तिलबर्ट,

तुझी बातमी दादाच्या तोंडून वदवून घेतली. तो खाली बघून बोलत होता. घोडे दाखवायला मात्र मान वर केली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हटलं तर त्याला वाटलं मी खूश झाले.

विनफ्लेडला मीच सांगितलं. ती सात वर्षांची असल्यापासून माझ्यापाशी मठात आहे, दुसरं कोण सांगणार होतं? ती चर्मपत्र खरवडत बसली होती. हातातली सुरी तिनं खाली ठेवली नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, त्याच्या आधीच्या दोघी कशानं मेल्या?" पहिली बाळंतपणात गेली, हे मला माहीत होतं, ते सांगितलं. दुसरी जिन्यावरून पडली म्हणतात. विनफ्लेडनं तो जिना किती पायऱ्यांचा आहे ते विचारलं. ते मला माहीत नव्हतं. ती पुन्हा खरवडायला लागली.

असो. शपथ झाली आहे, आणि मी बाई माणूस, राजांच्या मसलतीपुढं काय बोलणार. मी गेल्या पत्रात जास्त लिहिलं. वय झालं की जीभ सैल होते. सोबत चौदा नावं पाठवते आहे, जशी गवई म्हणायचा तशी, हुनवाल्डपासून वर. आपला बाप ओसगर, आजा टिडा, पणजा वेर्न, आणि पुढं सगळे.

फक्त एक सुचवते. वोडेनच्या नातवापाशी नातं जोडून तुझ्या राजाचा मान कसा वाढेल? तिथं तर सगळेच जोडलेले आहेत, केंटवाले, एसेक्सवाले, रस्त्यावरचा भिकारीसुद्धा. ते नातं नव्हे, गर्दी झाली. जोडायचंच तर जवळ जोड. आपला आजा टिडा आणि राजाचा आजा लुडा हे सख्खे भाऊ होते असं लिही. दोघेही वेर्नचे मुलगे. लुडाच्या बापाचं नाव नाहीतरी कुणाला ठाऊक नाही, त्याला एक चांगला बाप मिळेल. मी इथली सगळ्यांत म्हातारी. कुणी विचारलंच तर मी तसंच ऐकलं होतं म्हणेन.

तुझा राजा तुला मोठी बक्षिसी देईल. बहिणीचं काम समज.

हेरेबर्ग


टॅमवर्थ, ईस्टरनंतरचा आठवा दिवस

ताई,

आयुष्यात पहिल्यांदा तू शहाण्यासारखं वागलीस, आणि मी ते लिहून ठेवतो आहे.

पुस्तक पुरं झालं. आर्नचं पान मी स्वतः लिहिलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. टिडा आणि लुडा शेजारी शेजारी, वर वेर्न, दोघांना जोडणारी लाल रेघ. ईस्टरला बिशपांची सभा भरली होती. तिथं राजासमोर सगळी पानं मोठ्यानं वाचली. आपलं पान वाचताना कुजबूज थांबली. लुडाला बाप मिळाल्याचं ऐकून दोन म्हातारे सरदार एकमेकांकडे बघायला लागले, पण बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

राजानं मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "सख्खे भाऊ? नक्की?" मी म्हटलं, माझी बहीण मठमाता आहे, तिच्याच तोंडून आलंय. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग तो असा हसला की शेजारच्या बिशपाचा पेला सांडला. बारा बिशपांनी पुस्तकाखाली आपापल्या सहीचा क्रूस काढला. आता ते दगडावर कोरल्यासारखं झालं.

मला राजानं हातातलं कडं काढून दिलं. मी ते तुला पाठवणार होतो, पण तू ते डुकरवाल्याचं म्हणून नदीत टाकशील. तेव्हा मीच घालतो.

विगबाल्डची माणसं मुलीला न्यायला पुढच्या महिन्यात निघतील. तिला गरम कपडे दे. इथं दरबार मोठा आहे, वारा खेळतो.

तिलबर्ट


आर्नमठ, नांगरणीच्या प्रार्थनेनंतरचा सोमवार

मूर्खांच्या राजाच्या लेखनिकास,

विगबाल्डच्या माणसांना वाटेतूनच परत फिरव, उगाच घोड्यांचे पाय दुखतील. हे लग्न होत नाही.

बिशपांचा नियम तुला माहीत असायला हवा होता, पण तुम्ही लोक नियम दुसऱ्यांसाठी लिहिता. पाच पिढ्या उलटल्याशिवाय एकाच रक्ताच्या दोघांचं लग्न लागत नाही. विनफ्लेडपासून मोज. हुनवाल्ड एक, ओसगर दोन, टिडा तीन, वेर्न चार. विगबाल्डकडूनही मोज, बोटं पुरतात, चारच होतात. ती भावंडं आहेत, तिलबर्ट. असं मी नाही म्हणत, तुझं पुस्तक म्हणतंय. बारा बिशपांचे क्रूस म्हणतात. मी फक्त आमच्या बिशपाला पत्र लिहून नम्रपणे विचारलं की एवढं मोठं पाप आमच्या हातून घडू नये म्हणून काय करावं. त्यांनी आठ दिवसांत उत्तर पाठवलं. लग्न रद्द. दादा शपथेतून मोकळा. घोडे परत द्यावे लागतील, त्याचं दादाला फार वाईट वाटलं.

तुझं ते पत्र मी मठातल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. लाल रेघेपाशी आलो तेव्हा म्हातारी स्वयंपाकीण हसता हसता चुलीत पडता पडता राहिली. एवढा मोठा दरबार, एवढे लेखनिक, एवढे बिशप, आणि एकालाही चारपर्यंत मोजता आलं नाही. लुडाला बाप मिळतोय म्हटल्यावर तुमची अक्कल गेली. हीच मर्सियाची जात. त्यांना मोठं म्हणा, की ते स्वतःच्या हातानं फास गळ्यात घालून घेतात.

दादाची तब्येत बरी नाही. उपासांपासून खोकला आहे, आता त्यात रक्त येतं. ओसलाफला मी निरोप धाडलाय की एक धड झगा शिवून घे आणि नखं काप, राजा व्हायचं आहे. तो ईल पकडत होता म्हणे. चालेल. आमचा आहे.

विनफ्लेडला सांगितलं तेव्हा ती मठामागच्या बागेत गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा पाय चिखलानं भरले होते. धावत होती, म्हणाली, नुसतीच धावत होती.

तुझ्या राजाला माझा आशीर्वाद सांग.

हेरेबर्ग


टॅमवर्थ, संत जॉनच्या सणाच्या बारा दिवस आधी

ताई,

दादा गेल्याची बातमी इथं तुझ्या माणसाच्या आधी पोचली. राजानं त्याच्यासाठी प्रार्थना सांगितली. मी ती ऐकली आणि मला रडू आलं नाही. दादानं मला शेवटचं जवळ घेतलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

आता शांतपणे वाच. संत जॉनच्या दिवशी आर्नच्या पुलापाशी सभा भरेल. राजा स्वतः येतो आहे, सैन्य घेऊन नाही, पुस्तक घेऊन. दादाला मुलगा नव्हता. भावाचं मुंडण झालंय. मग गादी कुणाची? पुरुषाच्या वंशातल्या सगळ्यांत जवळच्या नातेवाइकाची, हा तुमचाच कायदा. ओसलाफ सहा पिढ्यांमागून जोडलेला. आणि मोठा राजा लुडाचा नातू, टिडाच्या सख्ख्या भावाचा नातू. तूही मोजू शकतेस. राजा का हसला ते आता तुला कळलं असेल. त्याला मुलगी नकोच होती, गादी हवी होती. मुलीवाटे ती पंधरा वर्षांनी मिळाली असती. तू ती त्याला ताटात वाढून दिलीस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि आता हेही सांगून टाकतो. पाच पिढ्यांचा नियम मला माहीत होता. बिशपांचे नियम दर वर्षी मीच उतरवून काढतो, ताई. तुझं गोड पत्र आलं तेव्हाच मला कळलं. तू आयुष्यात कधी कुणाला गोड लिहिलं नाहीस. त्यातच लग्न मोडायचा बेत होता आणि त्यातच गादी जाणार होती, ही दोन्ही मला दिसली. तुला एकच दिसलं. तुला वाटलं समोर सगळे डुकरं राखणारे बसलेत, म्हणून तू पलीकडे बघितलंच नाहीस.

मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. ज्या राज्यानं नऊ वर्षांच्या पोराला घोड्यावर बसवून परक्यांना दिलं ते राहिलं काय आणि गेलं काय. तेव्हाही सगळे म्हणाले होते, एक पोर दिलं, राज्य राहिलं. त्या सकाळी तू माझे केस विंचरलेस आणि म्हणालीस, हिवाळ्यापर्यंत परत येशील. विनफ्लेड तशी जाऊ नये एवढंच मला वाटलं. बाकी मला काही वाटलं नाही.

अजून एक वाट आहे आणि ती तुझ्या हातात आहे. सभेत आर्चबिशप तुला अस्थींवर हात ठेवून विचारतील, टिडाला भाऊ होता का. तू नाही म्हणालीस तर माझं पान खोटं. राजाचा हक्क गेला, ओसलाफ राजा, आर्न आर्नचंच राहील. मग नातं नाही, म्हणजे लग्नाला हरकत नाही, आणि दादाची शपथ पुन्हा उभी राहते. विगबाल्ड तिथंच असेल, तो मुलीला घेऊनच जाईल. खोटं लिहिणाऱ्याचा हात तोडतात, पण ते तू मनात धरू नकोस, मी डावखुरा आहे आणि ते नेहमी उजवाच तोडतात.

ठरव.

तिलबर्ट


आर्नमठ, नव्या धान्याच्या भाकरीच्या सणानंतरचा दुसरा दिवस

तिलबर्ट,

तू मुद्दामच आला नाहीस. आजारी आहे असं राजाच्या माणसानं सांगितलं. तू कधीच धड खोटं बोलायला शिकला नाहीस, म्हणून हे लिहिते आहे.

पुलापाशी एवढी माणसं मी दादाच्या राज्याभिषेकालाही पाहिली नव्हती. ओसलाफ नव्या झग्यात उभा होता. नखं कापली होती. त्याची आई सगळ्यांना सांगत होती की झग्याचं कापड एसेक्सहून आणलंय. आपले सरदार तलवारीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांना माझा भरवसा होता. मर्सियाच्या लोकांना मी आयुष्यभर काय काय म्हटलंय ते त्यांच्यातल्या प्रत्येकानं माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

तुझा राजा ठेंगणा आहे. हे तू कधी लिहिलं नाहीस. खुर्चीवर बसला तर पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून खाली पाट ठेवतात. मी पाटाकडे बघितलं, त्यानं ते पाहिलं, आणि त्याला राग आला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

विगबाल्ड पुलाच्या कठड्याला टेकून उभा होता. मागं एक रिकामा घोडा होता, बायकांचं खोगीर घातलेला. विनफ्लेड माझ्या मागं होती. मी तिला मठातच राहा म्हटलं होतं, ती आली. तिनं माझ्या झग्याला हात लावला नाही, काही मागितलं नाही. मला वाटलं होतं ती मागेल.

आर्चबिशपांनी अस्थींची पेटी पुढं केली. मी हात ठेवला. चौदा नावं म्हणायला लागले. माझा आवाज चांगला लागला होता, लोक म्हणाले अगदी जुन्या गवयासारखा. हुनवाल्ड, ओसगर, टिडा. तिथं मी थांबले. मनात राज्य आलं, दादा आला, तुझा उजवा हातही आला, पण खरं सांगते, जास्त वेळ मला तुझे केस दिसत होते. त्यांत गुंता होता आणि तू हलत होतास, आणि मी तुला चापट मारली होती. तुला ते आठवत नसेल. आपण सगळ्यांनी तेव्हा बरोबरच केलं असं मी चाळीस वर्षं म्हणत आले.

मी म्हटलं, "टिडा आणि त्याचा सख्खा भाऊ लुडा, दोघे वेर्नचे मुलगे." देवाच्या संताच्या हाडांवर हात ठेवून म्हटलं. यासाठी मला मेल्यावर जे भोगावं लागेल ते भोगेन.

कुणी ओरडलं नाही. सरदारांनी हात खाली घेतले. ओसलाफच्या आईनं त्याचा झगा काढून घडी घातली, मळू नये म्हणून. आर्न नावाचं राज्य होतं ते संपायला घरातलं पाणी भरण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. संध्याकाळी विनफ्लेडनं मला विचारलं, "आत्या, टिडाला खरंच भाऊ होता का?" मी होता म्हटलं. ती मला कायम खोटारडी समजेल किंवा कधीच समजणार नाही, मला दोन्ही नको आहेत. पण ती आज सकाळी बागेत धावली.

तुझ्या राजानं आर्नचा कारभार विगबाल्डकडे दिला आहे. घरातलाच माणूस म्हणून. काल दरबारात पहिली पंगत होती, मला बोलावणं आलं, मी गेले. छपर त्यानं शाकारून घेतलंय, ताटात पाणी पडत नाही. दादाच्या खुर्चीत तो बसला होता आणि आपले सगळे सरदार खाली होते. मी दाराशीच थांबले. त्यानं मला पाहिलं, उठून उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आत्या, तिथं कशाला? इथं माझ्याजवळ बसा."

मी जाऊन बसले.

हेरेबर्ग